मोरपंखी : ठेंगणी समजून आणली, पण...

शाळेत असताना वहीच्या पानांत ‘विद्येचे पान’ जपून ठेवणारी मुले पुष्कळ. पान वहीत असले की अभ्यास चांगला होतो, ही भाबडी समजूत. हे पान म्हणजे मोरपंखीची डहाळी! फाटकाच्या दोन्ही बाजूंना जोडीने उभे असणारे हे झाड आपल्या इतके ओळखीचे, की ते बाहेरून आले आहे हे खरेच वाटत नाही.

मोरपंखी मूळची चीन, कोरिया व रशियाच्या अतिपूर्व भागातली. देवदाराप्रमाणे तीही सदाहरित सूचिपर्णी वृक्षांपैकीच. मात्र तिची पाने सुईसारखी नसून बारीक खवल्यांसारखी असतात. लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘थुजा ओरिएंटॅलिस’ म्हटले. आजचे शास्त्रीय नाव ‘प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस’. बीजिंगच्या जुन्या मंदिरांच्या आवारात तिचे शेकडो वर्षांचे वृक्ष उभे आहेत. म्हणजे कुंडीतले हे गोंडस रोप मुळात १५ ते २० मीटर वाढू शकणारा वृक्ष आहे. फसगत होते ती इथेच.

लहान बागेसाठी ‘ऑरिया नाना’ ही ठेंगणी जात उत्तम. आकार अंड्यासारखा, वाढ अतिशय संथ. वसंतात सोनेरी, पुढे हिरवट पिवळी आणि थंडीत किंचित तांबूस. ‘रोझडॅलिस’ या दुसऱ्या ठेंगण्या जातीची पाने मऊ असून थंडीत जांभळट दिसतात. या जाती छाट कलमानेच टिकतात. बियांपासून केलेले रोप ठेंगणेच राहील याची खात्री नसते. म्हणून रोपवाटिकेत आधी विचारावे, “रोप कलमाचे की बियांचे?” हा प्रश्न राहून गेला, तर काही वर्षांनी खिडकी झाकली जाते आणि कुऱ्हाड शोधावी लागते.

कारण मोरपंखी वाटेल तशी छाटता येत नाही. हिरवे शेंडेच हलक्या हाताने कापावेत. आतल्या तपकिरी, निष्पर्ण फांदीपर्यंत कात्री गेली, तर तिथे सहसा पुन्हा फूट येत नाही आणि भगदाड कायमचे राहते. आतली जुनी पाने वाळून गळणे स्वाभाविक आहे. ती नुसती झटकून टाकावीत. बाहेरची पाने मात्र उन्हाळ्यात करपल्यासारखी दिसू लागली, तर लाल कोळी आहे का ते पाहावे व पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

भरपूर ऊन द्यावे, कुंडीत पाणी साचू देऊ नये. एवढे सांभाळले तर ही ठेंगणी मोरपंखी वर्षानुवर्षे सोबत करील, आणि नातवंडांच्या वह्यांनाही पाने पुरवील.