बिनत्रिकोणाची बाटली

वांग्याच्या रोपाचा शेंडा सकाळी मान टाकून लोंबताना दिसला की गच्चीवरच्या बागेत एकच धावपळ उडते. पाणी कमी पडले, असे एकाचे निदान. ऊन लागले, असे दुसऱ्याचे. तिसरा सरळ स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलायला बसतो. मिक्सर फिरतो, मिरचीचा ठसका शेजारच्या घरापर्यंत जातो, आणि फडक्यातून गाळलेल्या तिखट पाण्याने रोपाला न्हाऊ घातले जाते. शेंडा मात्र वाळायचा तो वाळतोच. कारण खरा चोर आत बसलेला असतो. शेंडा आणि फळे पोखरणारी अळी अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात कोवळ्या देठात शिरते आणि आत शिरल्याचे भोक विष्ठेने बुजवून टाकते. बाहेरून मारलेला कुठलाही अर्क तिथवर जात नाही. तिच्यावरचा इलाज म्हणजे कात्री. मलूल शेंडा बोटभर खालून कापायचा आणि अळीसकट नष्ट करायचा. खर्च काही नाही.

घरगुती कीडनाशकांचा सध्याचा उत्साह असा आहे: हात चालतात, डोळे मागे राहतात.

या उत्साहामागचे कारण मात्र पूर्णपणे रास्त आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. त्या बातम्या वाचलेल्या माणसाने स्वतःच्या कुंडीतल्या मेथीवर बाजारातले औषध मारायला नको म्हटले, तर त्यात वेडेपणा काय? घरी खायची भाजी, घरातलीच पोरे त्या कुंड्यांभोवती खेळणारी. तेव्हा घरी बनवलेली फवारणी हवीच. फक्त तिलाही औषधाचे नियम लागू आहेत, हे आधी मान्य करायला हवे. निदान, माप, वेळ, आणि फवारल्यापासून तोडणीपर्यंत थांबायचे दिवस. 'झाडपाल्याचेच तर आहे' या एका वाक्यावर हे चारही नियम सध्या माफ होतात.

कडुलिंबाचेच पाहा. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी १९५९ मध्ये सुदानात टोळधाड पाहिली. आजूबाजूची हिरवळ फस्त झाली, कडुलिंबाची झाडे मात्र तशीच उभी राहिली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी उभ्या पिकावर मारून टोळांना खाण्यापासून रोखून दाखवले. पुढे याच झाडाच्या तेलापासून बनवलेल्या बुरशीनाशकावर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना युरोपात पेटंट मिळाले. भारतातून आणि युरोपातून त्याला विरोध झाला. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतावर झालेल्या चाचण्यांचा पुरावा पुढे आला, २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निकाल टिकला. पेटंट कार्यालयात जिंकलेले हे ज्ञान आपण घरात कसे वापरतो? बहुतेक ठिकाणी पातेलेभर पाला उकळून.

इथेच गाडी चुकते. किडीला भूक विसरायला लावणारे आणि तिची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवणारे अझाडिरॅक्टिन हे द्रव्य मुख्यतः बीच्या गरात असते. पानांत ते फारच थोडे. शिवाय ते उष्णतेने आणि उन्हाने मोडते. म्हणजे पाला तासभर उकळून, ते पाणी भर दुपारी फवारणाऱ्याच्या हाती उरतो तो वास आणि समाधान.

कृषी विद्यापीठांनी वर्षानुवर्षे शिफारस केलेला पाच टक्के निंबोळी अर्क करायला मुळीच अवघड नाही. पिकून पडलेल्या निंबोळ्यांचा गोड गर धुऊन काढायचा, बिया सावलीत खडखडीत वाळवायच्या, फोडून आतला गर वेगळा करायचा. एक लिटर फवारणीला पन्नास ग्रॅम गर पुरतो. तो खलबत्त्यात भरड कुटायचा. मिक्सरमध्ये फार फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. ही भरड सुती फडक्यात सैल बांधून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवायची. सकाळी पुरचुंडी पिळली की दुधासारखे पांढरट पाणी उतरते आणि त्याला लसणासारखा उग्र दर्प येतो. पाणी पांढरे यायचे थांबेपर्यंत बुडवून पिळत राहायचे, दोनदा गाळायचे आणि एकूण लिटरभर करायचे. शेवटी सुमारे दोन ग्रॅम साध्या साबणाचा चुरा किंवा थोडे रिठ्याचे पाणी घालायचे, म्हणजे थेंब पानावरून घरंगळत नाहीत. दिवस कलल्यावर, मधमाश्या परतल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने फवारायचे. मावा, पांढरी माशी, तुडतुडे यांचे बस्तान तिथेच असते. उरलेला अर्क पुढच्या आठवड्यासाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही. तो ज्या दिवशी पिळला त्याच दिवशी वापरायचा.

आणि मग वाट पाहायची. लोकांचे सगळ्यात जास्त अडते ते इथे. दुसऱ्या दिवशी किडी जिवंत दिसल्या की 'लागू पडले नाही' म्हणून दुप्पट दाट मात्रा मारली जाते. निंबोळी अर्काने किडी पटापट मरून पडत नाहीत. त्या खाणे कमी करतात, अळ्यांची पुढची कात धड निघत नाही, अंडी घालणे घटते. परिणाम दिसायला चार-सहा दिवस लागतात. तेवढा धीर नसलेला माणूस तिसऱ्या दिवशी पाने करपवून बसतो आणि दोष कडुलिंबाला देतो.

साबणाचे पाणी त्या मानाने झटपट काम करते. माव्यासारख्या मऊ अंगाच्या किडींवरचे मेणचट आवरण त्याने बिघडते आणि त्या सुकून मरतात. पण पाणी अंगावर पडले तरच. वाळलेल्या साबणाला काही किंमत नाही. भांडी घासायचे द्रव हा साबणच नव्हे, ते डिटर्जंट असते. त्याने पानांवरचाही मेणाचा थर निघतो. मिरची-लसणाचा अर्क किडींना थोडा काळ दूर ठेवतो, मात्र वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारला तर पहिला बळी फवारणाऱ्याच्या डोळ्यांचा. भुरी रोगावर दुधाचे पाणी ही कल्पना आजीबाईंच्या बटव्यातली वाटते, पण ब्राझीलमधल्या वॅग्नर बेटिओल यांनी भोपळावर्गीय झुकिनीवर तिची रीतसर चाचणी घेतली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार आठवड्याला एकदा दहा टक्के किंवा त्याहून दाट दूध फवारले, तर नेहमीच्या बुरशीनाशकाइतका गुण आला. घरगुती उपायाला असे तपासून घेतले की त्याचा मान वाढतो, कमी होत नाही.

तपासणीची खरी गरज आहे ती तंबाखूच्या काढ्याला. तो आजही सर्रास सुचवला जातो. पद्मश्री सुभाष पाळेकर यांच्या अग्निअस्त्र या अर्कातही तंबाखू आहे. पाळेकरांनी शेतकऱ्याचा बाहेरून विकत आणायचा खर्च कमी करण्याचा ध्यास घेतला, त्याबद्दल आदर आहेच. पण निकोटिन हे तीव्र विष आहे, ते कातडीतूनही शरीरात शिरते. निकोटिन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर आपल्याच देशात बंदी आहे. कारखान्याच्या डब्यातून आलेले निकोटिन धोक्याचे आणि पुडीतली तंबाखू उकळून मिळालेले पवित्र, असा भेद शरीर करत नाही. त्यातून तंबाखूवरचा विषाणू टोमॅटो-मिरचीला लागण्याची भीती वेगळीच.

दशपर्णी अर्काचेही तसेच. कडुलिंब, निर्गुंडी, करंज, सीताफळ यांच्या जोडीला त्यात अनेक जण रुई, धोतरा, कण्हेर टाकतात, शेण-गोमूत्र घालून महिनाभर आंबवतात. कापसाच्या किंवा तुरीच्या शेतात त्याचा विचार वेगळा. गच्चीवरची कोथिंबीर मात्र आज तोडून आजच कोशिंबिरीवर भुरभुरायची असते. तिच्यावर कण्हेरीचे हृदयावर घात करणारे विष आणि शेणातले जंतू का शिंपडायचे, याचे उत्तर कुणी देत नाही. कण्हेर-धोतरा वगळले तर अर्काचे काही बिघडणार नाही, आणि कच्च्या खायच्या भाज्यांना तर तो लावूच नये. जगाने हा धडा आधी घेतलेला आहे. वेलींच्या मुळांपासून मिळणारे रोटेनोन कित्येक वर्षे सेंद्रिय बागायतदारांचे लाडके होते. २००० मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी ते उंदरांना सतत दिल्यावर पार्किन्सनसारखी लक्षणे दिसल्याचे दाखवले. पुढे अनेक देशांत त्याचा शेतीतला वापर थांबला.

दुकानातल्या कीटकनाशकावर किमान लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, मात्रा असते, काढणीआधी थांबायचे दिवस छापलेले असतात. घरची फवारणी भरली जाते ती थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत, आणि ठेवली जाते बेसिनखाली. तिच्यावर काहीच लिहिलेले नसते. एखादे पोर ती तोंडाला लावू शकते, हे गृहीत धरूनच वागायला हवे. खाण्यापिण्याची बाटली वापरायची नाही, चिठ्ठी चिकटवायची, त्यावर अर्काचे नाव आणि तारीख लिहायची, उंचावर ठेवायची. कडुलिंबाचे तेलही याला अपवाद नाही; ते पोटात गेल्याने तान्ही मुले गंभीर आजारी पडल्याची वैद्यकीय नोंद आहे.

फवारणी टाळणे हाही बागकामाचाच भाग आहे. माव्याने भरलेल्या वालाच्या शेंड्यावर नळीने जोरात पाणी मारले तर निम्मे काम होते. पिवळा पत्रा एरंडेल फासून टांगला की पांढरी माशी त्यावर चिकटते. आणि माव्यात फिरणारा, मगरीच्या पिल्लासारखा दिसणारा काळसर, नारिंगी ठिपक्यांचा किडा चिरडायचा नाही. ती ढालकिड्याची अळी. ती दिवसभर मावाच खाते, आणि लोक नेमकी तिलाच आधी मारतात.

या सगळ्यात सरकारी यंत्रणेचाही वाटा आहे. विद्यापीठांच्या शिफारशी हेक्टरी आणि शंभर लिटर पाण्याच्या हिशेबाने छापल्या जातात. दहा कुंड्यांच्या मालकिणीने त्यातून चमच्याचे माप कसे काढायचे? पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये आणि मुंबईच्या राणीच्या बागेत दर हिवाळ्यात पुष्पप्रदर्शन भरते, झुंबड उडते. तिथे एका टेबलावर खलबत्ता, फडके आणि वजनकाटा मांडून एक लिटरचा अर्क करून दाखवावा, जिवंत ढालकिडे काचेखाली ठेवावेत, 'हे करू नका' अशी तंबाखूची पाटी लावावी. यासाठी वेगळी योजना, समिती, उद्घाटन यांतले काही लागत नाही.

कच्चा माल तर रस्त्यावर पडलेला असतो. सोलापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे जून-जुलैत कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, पायाखाली चिरडतो आणि झाडूने कचरागाडीत जातो. कोकणातल्या ओल्या हवेत हे झाड कमी, तिथल्या बागवाल्यांना बिया घाटावरूनच आणाव्या लागतात. नगरपालिकांनी बचत गटांना त्या गोळा करू द्याव्यात, वाळवून पाव किलोच्या कापडी पिशव्यांत भरू द्याव्यात, आणि पिशवीवर वेचल्याचा महिना छापावा. जुन्या आणि बुरशी धरलेल्या बियांचा जोर ओसरलेला असतो, त्यामुळे घेणाऱ्याने तो महिना पाहूनच पैसे द्यावेत.