मुलांच्या डोळ्यांदेखत

मराठी नाटक पाहुण्यांच्या खेळातून जन्मलं. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांना तसंच काही मराठीत हवंसं वाटलं आणि त्यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळीची ‘इंद्रसभा’ पाहिली आणि १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ आणलं. बेने इस्रायली समाजाने आपल्या कीर्तनाचा साचा उचलून त्यात बायबलातल्या कथा मराठीत सांगितल्या. तंजावरच्या मराठी दरबारात शहाजीराजांनी एकाच नाटकात पाच भाषा नांदवल्या. ही सगळी श्रीमंती आली, कारण कुणीतरी दुसऱ्याचा खेळ समोर बसून, मन लावून पाहिला होता. आमच्या मुलांच्या वाट्याला हे बसणं आणि पाहणं येत नाही. ते यावं म्हणून आम्ही शिक्षक, कलावंत आणि पालक ही चळवळ सुरू करत आहोत.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलाला दरवर्षी निदान दोन खेळ प्रत्यक्ष पाहायला मिळावेत: एक आपल्या मुलखातला, दुसरा आपल्या घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेतला.

प्रत्यक्षच का, तर तारपा ऐकून पाहा. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांतून झालेलं हे वारल्यांचं वाद्य. वाजवणारा श्वास तुटू न देता फुंकत राहतो, हातात हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे कधी पाठ करत नाहीत. मोबाइलवर हे दोन मिनिटांचं दृश्य होतं. पटांगणात बसलेल्या मुलाला मात्र वादकाचे फुगलेले गाल दिसतात, पावलांखालची माती हललेली जाणवते, आणि हा माणूस थांबला तर नाच थांबेल हे त्याला कुणी न सांगता कळतं. हलगी वाजवण्याआधी तिचं कातडं जाळावर शेकतात. तो वास पडद्यावरून येत नाही. पुरुलियाचा छाऊ नर्तक जड मुखवटा घालून हवेत उडी घेतो आणि गुडघ्यांवर उतरतो. तो आवाज दहा हातांवरून ऐकलेलं मूल शरीर या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागेल, असा आमचा ठाम विश्वास आहे.

दशावताराबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं. सिंधुदुर्गातल्या या खेळाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी कोणतं सोंग घ्यायचं ते ठरतं, नट स्वतःचा रंग स्वतः लावतात आणि संवाद रंगमंचावर, समोरच्याचं ऐकून, त्या क्षणी जुळतात. पाठ केलेली उत्तरं लिहिण्यात ज्यांची दहा वर्षं जातात त्या मुलांनी हे पाहायलाच हवं. म्हणून आमच्या कार्यक्रमांत रंग लावणंही मुलांसमोर होईल. खेळ पूर्ण होईल, त्याचे पाच मिनिटांचे तुकडे केले जाणार नाहीत. आधी कथा चार वाक्यांत सांगू; खेळ चालू असताना भाषांतर करणार नाही. कानडी यक्षगानातला राक्षस कळायला कानडी यावी लागत नाही. खेळानंतर निबंध नाही, गुण नाहीत, ‘यातून काय शिकलात’ हा प्रश्नही नाही.

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात. सोलापुरात तेलुगू घरांची मुलं मराठी शाळेत बसतात, जत-अक्कलकोटात कानडी शाळा भरतात. विविधता वर्गात आधीच आहे. ती फक्त गप्प बसलेली आहे. तिला बोलतं करताना एक काळजी आम्ही घेऊ. ‘तू तिकडची ना, मग तुमचा नाच करून दाखव’ असं कोणत्याही मुलाला सांगितलं जाणार नाही. प्रतिनिधी होण्याचं ओझं लहान खांद्यावर टाकायचं नसतं.

आणि जातीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हलगी, संबळ, ढोलकी, तमाशा, पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या या कला ज्यांनी सांभाळल्या, त्यांतल्या अनेकांना गावाने वाजवायला बोलावलं आणि जेवायला वेगळं बसवलं. बाप हलगी वाजवतो हे वर्गात लपवणारी मुलं आजही आहेत. तोच बाप मुख्याध्यापकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला साऱ्या शाळेला दिसला पाहिजे. आमच्याकडे कलावंत ‘मनोरंजनासाठी’ येणार नाहीत. ते त्या दिवसाचे शिक्षक असतील. त्यांना ठरलेलं मानधन, प्रवासखर्च आणि जेवण त्याच दिवशी मिळेल. ‘मुलांसाठी आहे, थोडं कमी घ्या’ हे वाक्य आम्ही उच्चारणार नाही.

१९७७ साली दिल्लीच्या आयआयटीत किरण सेठ यांनी ‘स्पिक मॅके’ सुरू केलं आणि मोठमोठे शास्त्रीय कलावंत विद्यार्थ्यांपर्यंत नेले. त्या कामाचं ऋण आम्ही मानतो. आम्हाला तीच वाट वस्तीवरच्या शाळेपर्यंत, आश्रमशाळेपर्यंत न्यायची आहे.

पैशाचं म्हणाल, तर स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपक, रोषणाई आणि भाड्याचे पोशाख यांवर शाळा खर्च करतातच, तोही मुलांना तयार ट्रॅकवर सिनेमाची गाणी नाचायला लावण्यासाठी. त्यातला एक वाटा आम्ही मागतो आहोत. जवळच्या चार-पाच शाळांनी मिळून एक संच बोलावला तर प्रवासाचा भार वाटला जाईल. जिथे तेही जमणार नाही, तिथे आम्ही घरोघर वर्गणी मागू.

हंगामही ठरला आहे. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर रंगतात. दशावतार जत्रांबरोबर चालतो. पावसाळ्यात बहुतेकांची सुपारी बंद असते आणि नेमक्या तेव्हाच शाळा भरलेल्या असतात. त्यामुळे आमचे खेळ जून ते सप्टेंबर होतील. पटांगणात चिखल असेल तर वर्गातली बाकं बाजूला सारून. दशावतारी मंडळींना मात्र भातलावणी उरकल्यावर, श्रावणातच निरोप धाडायचा. ज्या शिक्षकांना यात यायचं आहे त्यांनी आपल्या तालुक्यातल्या कलावंतांची यादी करायला आजच बसावं: नाव, कला, गाव, सोबत किती माणसं, आणि त्यांचा स्वतःचा दर.