विश्लेषण : फुटबॉल संघ जिंकतो मैदानात, पण टिकतो कशामुळे?

रत्नागिरीतल्या माणसाला व्यावसायिक फुटबॉल प्रत्यक्ष बघायचे असेल, तर कोकण रेल्वेच्या दोन दिशा आहेत. उत्तरेला मुंबई सिटी एफसीचे अंधेरीतले मैदान, दक्षिणेला मडगावला उतरल्यावर एफसी गोवाचे फातोर्डा. २२ ऑक्टोबर २०२५ला याच फातोर्ड्यावर सौदी अरेबियाचा अल नस्र संघ खेळून गेला. रोनाल्डो आला नाही म्हणून अनेकांचा हिरमोड झाला, पण गोव्याने १-२ अशी झुंज दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी उत्तरेकडून वेगळी बातमी आली. मँचेस्टर सिटीची मालकी असलेला ‘सिटी फुटबॉल ग्रुप’ मुंबई सिटीतून बाहेर पडला. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) भवितव्याची अनिश्चितता हे त्याचे कारण सांगितले गेले. लीग एक, अनिश्चितताही एकच. तरीही क्लब उत्तम चालवला जातो म्हणजे काय, या प्रश्नाची दोन ठिकाणची उत्तरे वेगळी का दिसतात, हे तपासण्यासारखे आहे.

फ्रंट ऑफिस म्हणजे कोण?

हा शब्द अमेरिकी खेळांतून आला. मैदानावरचा संघ आणि त्याचा प्रशिक्षक वगळता क्लब चालवणारी सगळी मंडळी म्हणजे फ्रंट ऑफिस. त्यात मुख्य कार्यकारी अधिकारी, क्रीडा संचालक, खेळाडू शोधणारे स्काऊट, करार लिहिणारे वकील, हिशेब ठेवणारे, तिकिटे विकणारे आणि अकादमी सांभाळणारे असे सगळे येतात. युरोपात यातला कळीचा माणूस क्रीडा संचालक असतो. प्रशिक्षकाचा विचार पुढच्या रविवारपर्यंतचा, मालकाचा पुढच्या ताळेबंदापर्यंतचा. तीन वर्षांनी संघात कोण असेल, याचा विचार करण्याचा पगार क्रीडा संचालकाला मिळतो.

मिरकरवाडा बंदरात ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नौका मालकाची असते, डिझेल आणि बर्फाचा खर्च तो करतो. पण समुद्रात जाळे कुठे टाकायचे हे तांडेल ठरवतो. मालकाने किनाऱ्यावरून फोन करून दिशा बदलायला लावली, तर मासळीही जाते आणि पुढच्या हंगामात तांडेलही जातो. भारतीय फुटबॉलमध्ये बहुतेक ठिकाणी नेमके हेच होत आले आहे. मालकाला सामना हरल्यावर प्रशिक्षक बदलावासा वाटतो, आणि त्याला थांबवू शकेल असा माणूस कचेरीत नसतो.

महाराष्ट्रातले क्लब कशाने गेले?

महाराष्ट्राच्या फुटबॉलचा अलीकडचा इतिहास हा बऱ्याच अंशी बंद झालेल्या क्लबांची यादी आहे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६च्या मोसमात राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने संघ गुंडाळला. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला, त्याच्या अकादमीतून चांगली मुले बाहेर पडत होती. २०१५ नंतर तो दिसला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये एकच मोसम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये थांबला. एफसी पुणे सिटी २०१८ मध्ये आयएसएलच्या उपांत्य फेरीत होता आणि २०१९ मध्ये बंद झाला.

यातला एकही क्लब केवळ मैदानावरच्या अपयशाने बंद पडलेला नाही. महिंद्राने तर आपला भर शालेय फुटबॉलकडे वळवल्याचे सांगितले; तो निर्णय कंपनी म्हणून चुकीचा म्हणता येणार नाही. पण क्लबचे आयुष्य मालक समूहाच्या एका बैठकीवर अवलंबून होते, हे सगळ्यांत समान. पुणे सिटीच्या मालक समूहाची आर्थिक स्थिती बिघडली आणि संघ कोसळला. क्लबचे स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न, मैदान, सभासद, विकता येतील असे घडवलेले खेळाडू यांपैकी फारसे काही उभे राहिले नव्हते. मालकाचा खिसा हाच क्लबचा अर्थसंकल्प असेल, तर कचेरीत कितीही हुशार माणसे बसवा, ती खर्चाच्या पावत्या लावण्यापलीकडे फार काही करू शकत नाहीत.

करंडक म्हणजे उत्तम कारभार का?

नाही. याचा पुरावा पुण्याच्याच वारसदाराने दिला. पुणे सिटीची आयएसएलमधली जागा हैदराबाद एफसीने घेतली. मानोलो मार्केझ या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली या क्लबने २० मार्च २०२२ला फातोर्ड्यावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून लीग जिंकली. पुढच्या मोसमात तो दुसरा आला. आणि त्याच्या पुढच्या मोसमात पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले, नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली, संघ तळाला पोहोचला. आज त्या नावाचा क्लब आयएसएलमध्ये नाही. ती जागा दिल्लीला गेली आहे.

म्हणून फ्रंट ऑफिस चांगले आहे की नाही हे ओळखण्याची माझी पहिली कसोटी अगदी गद्य आहे : पगार तारखेला होतो का? फुटबॉलपटूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची. त्यातले सहा महिने थकलेल्या पगाराच्या तक्रारी लिहिण्यात गेले, तर ते परत मिळत नाहीत. आशियाई महासंघाच्या परवाना पद्धतीत क्रीडा, पायाभूत सुविधा, मनुष्यबळ, कायदा आणि अर्थ अशा पाच अंगांनी क्लब तपासला जातो, त्यात थकबाकी हा मुद्दा असतोच. आपल्याकडे मात्र क्लबची चर्चा सुरू होते ती कोणता नावाजलेला परदेशी खेळाडू आणला यापासून.

आयएसएलच्या सुरुवातीच्या वर्षांत हे फार झाले. देल पिएरो, लुंगबर्ग, आनेल्का अशी कारकिर्दीच्या शेवटाला आलेली नावे आली, स्टेडियमे भरली, जाहिराती झाल्या. हापूसचा बागायतदार कल्टारच्या मात्रेबद्दल जे जाणतो, तेच इथे लागू पडते. मोहोर लवकर येतो, पहिल्या पेटीला भाव मिळतो. पण मात्रा वाढवत नेली, खतपाणी पाहिले नाही, तर काही वर्षांत झाड खंगते. म्हणून कल्टार वाईट ठरत नाही. ते कुठल्या झाडाला, किती आणि कधी, हे ठरवणारा जाणता माणूस बागेत हवा.

गोव्याहून मुंबईला काय गेले?

२०२० मध्ये कोकण किनाऱ्यावरच या विषयाचा एक धडा घडला. एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना मोसम संपत आला असताना काढले, क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे संघ दिला आणि साखळीत पहिले स्थान मिळवून लीग शिल्ड जिंकली. त्यामुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के समभाग घेतले होते. त्यांनी लोबेरांना घेतले आणि त्यांच्यामागून मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस, मंदार राव देसाई हे गोव्याचे खेळाडूही मुंबईत आले. १३ मार्च २०२१ रोजी, पुन्हा फातोर्ड्यावरच, मुंबईने मोहन बागानला २-१ने हरवून शिल्डपाठोपाठ करंडकही जिंकला. बिपिन सिंगचा विजयी गोल नव्वदाव्या मिनिटाला झाला.

हे पाहून ‘पैसेवाल्यांनी संघ उचलून नेला’ अशी तक्रार गोव्यात झाली. ती खरी आहे, पण अर्धीच. तयार संघ आणून एकदा जिंकणे सोपे. कचेरीची परीक्षा त्यानंतर सुरू होते. लोबेरा वर्षभरात गेले. त्यांच्या जागी आलेले डेस बकिंगहॅम आणि त्यांच्यानंतरचे पीटर क्रात्की हे दोघेही समूहाच्याच मेलबर्न सिटी क्लबमध्ये सहायक होते. म्हणजे नवा प्रशिक्षक शोधताना कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागली नाही. संघाने कसे खेळायचे हे आधीच ठरलेले होते. परदेशी चेहरे बदलत गेले आणि लालियानझुआला छांगटे, विक्रम प्रताप सिंग, अपुइया या भारतीय खेळाडूंभोवती संघ उभा राहिला. २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब, २०२३ मध्ये शिल्ड, ४ मे २०२४ला कोलकात्यात मोहन बागानवर ३-१ने मात करून दुसरा करंडक. तीन प्रशिक्षक आणि तिघांच्याही खात्यात काही ना काही यश. भारतात हे दुर्मीळ आहे.

गोव्याने काय केले? पुढचे प्रशिक्षक हुआन फेरांडो यांनाही मोहन बागानने मोसमाच्या मध्यातच नेले आणि संघ नवव्या स्थानापर्यंत घसरला. तिथून क्लब मोडला नाही. २०२३ मध्ये हैदराबाद सोडलेल्या मार्केझ यांना आणले, तिसरे आणि मग दुसरे स्थान मिळवले, मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकला. अल नस्र फातोर्ड्याला आला तो त्या करंडकाच्या जोरावर. दोन वर्षे वाईट गेल्यावर क्लब कसा वागतो, हे मला विजेतेपदापेक्षा जास्त बोलके वाटते. डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन नामवंत क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतल्यानंतर गोव्यात वरच्या पातळीचे फुटबॉल टिकले, त्यात या चिकाटीचा वाटा आहे.

एक मराठी माणूस, ईशान्येचा क्लब

कचेरी बदलल्याने काय होते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण नॉर्थईस्ट युनायटेडचे आहे. जॉन अब्राहम यांच्या या क्लबने २०२२-२३ मध्ये वीस सामन्यांत फक्त पाच गुण मिळवले, विजय एक. मालक तेच राहिले. मुख्य कार्यकारी पदावर आले मंदार ताम्हाणे, ज्यांनी त्याआधी बेंगळूरु एफसीच्या उभारणीत काम केले होते. (बेंगळूरु एफसी जेएसडब्ल्यू समूहाचा, म्हणजे आपल्या जयगडला ज्यांचे बंदर आणि वीजप्रकल्प आहे त्यांचा. पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकणारा हा क्लब २०१३ पासून सलग उभा आहे.) मे २०२३ मध्ये हुआन पेद्रो बेनाली यांना प्रशिक्षक नेमले आणि त्यांना काम करू दिले. २०२४च्या ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागान कोलकात्यात २-० आघाडीवर असताना नॉर्थईस्टने बरोबरी साधली आणि पेनल्टींवर क्लबच्या इतिहासातला पहिला करंडक जिंकला. २०२५ मध्ये तोच करंडक राखला. मोरोक्कोच्या लीगमधून आणलेल्या अलाएद्दीन अजारैने २०२४-२५च्या आयएसएलमध्ये २३ गोल केले. एका मोसमातला तो विक्रम आहे. भारतात येण्यापूर्वी त्याचे नाव इथे कोणाला ठाऊक नव्हते. स्काऊटने काम केले म्हणजे काय केले, ते हे.

जगातही हीच चाल आहे. इंग्लंडमधला ब्रेंटफर्ड छोट्या मैदानाचा क्लब. आकडेवारी तपासून दुर्लक्षित खेळाडू घेणे आणि भाव आला की विकणे या पद्धतीने तो ७४ वर्षांनी, २०२१ मध्ये पहिल्या श्रेणीत परतला. उलट मँचेस्टर युनायटेडचे पाहा. २०१३ मध्ये अॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले हे सर्वांना आठवते. त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडले, हे फार कमी जण सांगतात. त्यानंतर त्या क्लबने प्रीमियर लीग जिंकलेली नाही.

मग मुंबई सिटीचे काय चुकले?

क्लब म्हणून फारसे काही नाही, आणि इथेच फ्रंट ऑफिसच्या कौतुकाची मर्यादा येते. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० मध्ये झालेला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. पुढे काय, हे वेळेत ठरले नाही. जुलैमध्येच लीग स्थगित झाली होती. सामने नसले की तिकीट नाही, प्रायोजक नाही, प्रक्षेपणाचा पैसा नाही. पगार मात्र चालू. पंधरा वर्षे आधी माहीत असलेल्या तारखेची तयारी झाली नाही, याचा दोष क्लबांच्या कचेऱ्यांपेक्षा त्यांच्या वरच्या कचेरीकडे जातो. बंदरच बंद असेल, तर उत्तम तांडेलही किनाऱ्यावर बसून राहतो.

तरीही या काळात क्लबांमधला फरक दिसलाच. काहींनी सराव आणि पगार थांबवले, काही तग धरून राहिले. डिसेंबरमध्ये गोव्याने सुपर कप पुन्हा जिंकला.

रत्नागिरीला याचे काय? आपल्या नावाचा एक व्यावसायिक संघ आहे, तो क्रिकेटचा. रत्नागिरी जेट्सने महाराष्ट्र प्रीमियर लीगचे पहिले दोन्ही करंडक, २०२३ आणि २०२४चे, जिंकले. पण लीगचे पहिले तिन्ही मोसम पुण्याजवळ गहुंज्याला झाले. रत्नागिरीच्या मैदानावर त्यातला एकही सामना झाला नाही. क्लब आणि गाव यांचे नाते कचेरीत बसलेल्यांनी बांधायचे असते : शाळांतून सराव शिबिरे, दापोली-चिपळूणच्या मुलांसाठी निवड चाचण्या, निदान एखादा प्रदर्शनीय सामना. उद्या कोणी फुटबॉलचा संघ घेऊन कोकणात आला, अकादमीचे फलक लावले, परदेशी क्लबचे बोधचिन्ह दाखवले आणि वर्षाची फी सांगितली, तर पालकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. गेल्या वर्षी खेळाडू आणि प्रशिक्षकांचे पगार कधी झाले? संघनिवडीवर शेवटची सही कोणाची असते? आणि मालकाने दोन वर्षांनी हात काढून घेतला, तर चौदा वर्षांच्या मुलाची नोंदणी, शाळा आणि वसतिगृह यांची जबाबदारी कागदावर कोणाच्या नावाने लिहिली आहे?