परदेशात कंपनी : आधी गाठी, मग पाटी



लकडगंजातल्या लाकडाच्या वखारी आणि आरामशिनी नागपूरला येणाऱ्या प्रत्येकाच्या पाहण्यातल्या आहेत. लाकडाच्या धंद्यात अलीकडच्या वर्षांत जे घडले, ते कापूसवाल्यांनी समजून घेण्यासारखे आहे. आफ्रिकेतल्या गॅबॉनने २०१० मध्ये आणि शेजारच्या म्यानमारने २०१४ मध्ये ओंडके देशाबाहेर नेण्यास बंदी केली. आपल्याकडच्या मोठ्या प्लायवूड कंपन्यांपुढे प्रश्न पडला. त्यांच्यापैकी काहींनी म्यानमार, लाओस, गॅबॉन अशा देशांत कंपन्या नोंदवल्या आणि लाकडाचे पातळ पापुद्रे काढण्याचे कारखाने तेथेच टाकले. ओंडका बाहेर येईना, म्हणून कारखाना ओंडक्याकडे गेला. त्यांना परदेशी कंपनीची गरज होती आणि ती कशासाठी, हेही त्यांना पक्के ठाऊक होते.

आता हाच विषय आपल्या दारात आला आहे. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना सल्लागार मंडळी सांगू लागली आहेत : दुबईत किंवा सिंगापुरात कंपनी काढा, मधला दलाल जाईल, गाठींचा डॉलरमधला भाव थेट तुमच्या हातात पडेल. जिल्हा बैठकीत हा विषय निघणारच. तेव्हा जाण्यापूर्वी हिशेब नीट मांडून घेऊ.

पहिली गोष्ट, परदेशात माल विकायला परदेशात कंपनी लागत नाही. भारतात नोंदलेली कंपनी आयात-निर्यात क्रमांक काढून येथूनच माल पाठवू शकते. नाशिक जिल्ह्यात मोहाडीची सह्याद्री ही शेतकऱ्यांची कंपनी द्राक्षे युरोपात पाठवते. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूक संस्थांनी सह्याद्रीच्या उद्योगात ३१० कोटी रुपये घातले. पैसा युरोपातून मोहाडीला आला. तो आणण्यासाठी आधी मोहाडीत माल, प्रतवारी आणि शीतगृहे उभी राहिली होती.

मग परदेशात कंपनी काढायचीच कधी? याचे उत्तर कापसाच्याच इतिहासात आहे. फोलकार्ट ब्रदर्स ही पेढी १८५१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला आणि मुंबईला एकाच वेळी सुरू झाली. तिची माणसे मुंबईत बसून राहिली नाहीत, वऱ्हाडात खामगावच्या बाजारापर्यंत आली. कापूस हाताने पाहायचा, स्वतः निवडायचा, दाबून गाठी बांधायच्या आणि आपल्या नावाच्या प्रतवारीवर युरोपच्या गिरण्यांना विकायचा, हा तिचा धंदा. तिची एक पाटी मालाजवळ होती, दुसरी गिऱ्हाइकाजवळ. १९५४ मध्ये टाटांबरोबर मिळून याच पेढीच्या भारतातल्या कारभारातून व्होल्टास उभी राहिली.

आपल्या नागपूरचेच दुसरे उदाहरण घ्या. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी नोंदवली आणि १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणी नागपुरात का? कापूस येथे होता म्हणून. लंडनमध्ये टाटा लिमिटेड ही त्यांच्या घराण्याची कंपनी नोंदवली गेली ती १९०७ मध्ये, म्हणजे गिरणी सुरू झाल्यावर तीस वर्षांनी. आधी माल, मग पत, मग परदेशातले दुकान, असा तो क्रम होता. सल्लागार आपल्याला हा क्रम उलटा करायला सांगत आहेत.

दुसरी गोष्ट, नोंदणी हा सर्वांत सोपा भाग आहे. इंग्लंडमध्ये एकच माणूस भागधारक आणि संचालक होऊन कंपनी काढू शकतो. सिंगापुरात निदान एक संचालक तेथे राहणारा लागतो, म्हणजे त्याचे मानधन आले. दुबईत कर नाही, ही जुनी गोष्ट झाली. जून २०२३ पासून तेथे पावणेचार लाख दिरहमांच्या वरच्या नफ्यावर साधारणपणे ९ टक्के कर आहे. शिवाय दरवर्षी परवाना, पत्ता, हिशेबनीस, बँकेचे खाते. गाठ विकली जावो न जावो, हा खर्च चालूच राहतो.

इकडचे कायदेही सुटत नाहीत. ऑगस्ट २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम लागू आहेत. पैसा बँकेमार्फतच पाठवावा लागतो आणि त्याआधी रिझर्व्ह बँकेचा क्रमांक घ्यावा लागतो. भांडवल आणि गंगाजळी मिळून कंपनीचे जे नक्त मूल्य होते, त्याच्या चौपटीपर्यंतच गुंतवणुकीची मर्यादा आहे. कंपनीचे कर्ज थकीत खात्यात गेले असेल, तर कर्ज देणाऱ्या बँकेचा ना-हरकत दाखला लागतो. परदेशी कंपनीचा अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत भरायचा. तो राहिला तर पुढचा पैसा पाठवता येत नाही. आणि आपल्याच दुबईच्या कंपनीला गाठी विकल्या, तरी त्या बाजारभावाने विकल्याचे आयकर खात्याला पटवून द्यावे लागते. नफा तिकडे साठवून कर वाचवू, असे कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला खड्ड्यात घालतो आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. कापसाचे बरेचसे आंतरराष्ट्रीय सौदे लिव्हरपूलच्या इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनच्या नियमांनी होतात. त्या नियमात सौदा रद्द होत नाही. माल पोहोचला नाही, तर ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतला फरक भरून सौदा मिटवायचा. भरला नाही तर लवाद, आणि लवादाचा निवाडा पाळला नाही तर बुडव्यांच्या यादीत नाव. मार्च २०११ मध्ये जगात रुईचा भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला आणि वर्ष संपता संपता निम्म्याखाली आला. त्या वर्षी घेणारे आणि देणारे, दोन्हीकडचे सौदे मोडले.

आता यात दिल्लीची भर घाला. एप्रिल २०१० मध्ये सरकारने कापसाची निर्यात रोखली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी घातली आणि आठवड्याभरात तिला मुरड घालावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे आयात शुल्क माफ केले, ते डिसेंबरअखेरपर्यंत. सरकारने एका रात्रीत दार लावले, तर आपली दुबईची कंपनी गिऱ्हाइकाला काय सांगणार? गाठी यवतमाळला अडकून पडतील आणि दावा परदेशात लागेल. व्यापाऱ्याचे पाच देशांत पुरवठादार असतात, तो ब्राझीलची गाठ देऊन सौदा पुरा करतो. आपल्याकडे एकच शेत आणि एकच हंगाम आहे.

मग आपण घरीच बसायचे काय? मुळीच नाही. महाराष्ट्रात एकाधिकार खरेदीच्या काळात, १९७२ नंतरची तीस वर्षे, आपल्याला राज्याची हद्दसुद्धा ओलांडू दिली नाही. ते दिवस गेले. जगाच्या बाजारात जाण्याचा हक्क आपला आहे आणि तो आपण वापरणार. पण पायरीपायरीने.

शंभर गाठींचा हिशेब करा. एका गाठीत १७० किलो रुई, म्हणजे १७ टन. क्विंटलला ३४ किलो रुई धरली, तर ५०० क्विंटल कापूस झाला. एका मोठ्या गावाला हे अवघड नाही. दहा शेतकरी एकत्र आले की उत्पादक कंपनी नोंदवता येते, २००३ पासून कायद्यात ही सोय आहे. पहिल्या वर्षी या शंभर गाठी एकाच वाणाच्या, प्लास्टिकची सुतळी आणि केस न मिसळता, ओलावा मोजून, धाग्याची लांबी, ताकद आणि मायक्रोनेअर तपासून बांधा. त्या देशातल्या गिरणीला विका. दुसऱ्या वर्षी त्याच गिरणीने पुन्हा मागितल्या तर समजा की पत तयार झाली. मग येथूनच निर्यात करा. एकाच देशातली गिऱ्हाइके लागोपाठ काही हंगाम माल मागू लागली आणि तेथे आपला माणूस नसल्याने पैसा हातचा जाऊ लागला, की तेथे कंपनी काढा. ज्वारीवाल्यांनाही हेच लागू. आखातातल्या मराठी घरांत भाकरी होते, पिठाला गिऱ्हाईक आहे. पण आधी पीठ टिकले पाहिजे, मग दुकान.

सरकारकडे मागणी एकच : एकदा नोंदवलेला निर्यातीचा सौदा कोणत्याही बंदीने अडणार नाही, अशी कायद्याने हमी द्या.

बैठकीला येताना प्रत्येक उत्पादक कंपनीने तीन आकडे लिहून आणावेत : गेल्या हंगामात किती गाठी बांधल्या, त्यातल्या किती तपासल्या आणि किती गिऱ्हाइकांनी पुन्हा मागणी केली. परदेशी कंपनीची चर्चा त्या आकड्यांवरून करू.