ड्रॅगनने काय घोडे मारले?



आपल्या वर्गातली काही मुले मधल्या सुट्टीत ‘विंग्ज ऑफ फायर’ वाचताना दिसतात. टुई सदरलँड यांची ही मालिका २०१२ साली सुरू झाली. “मराठीचा गृहपाठ सोडून पुन्हा ड्रॅगनच?” असे म्हणून मीही मुलीचे पुस्तक जप्त केले होते. मग एका रात्री स्वतःच वाचायला बसलो.

गोष्ट ओळखीची निघाली. ड्रॅगनांच्या वाळवंटी जमातीत राणीपदासाठी तीन बहिणी लढतात आणि इतर जमातीही त्यात ओढल्या जातात. भाऊबंदकी काय असते हे आपल्याला महाभारतापासून ठाऊक आहे! पहिल्या पाच भागांत पाच पिल्लांपैकी एकेकाच्या नजरेतून गोष्ट पुढे सरकते. त्यातली सनी वाळवंटी जमातीत गणली जाते, पण तिच्या शेपटीला नांगीच नाही. हे वेगळेपण आपल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. इथे शाळेत डबा उघडताना आणि सुट्टीत आजोळी मराठी बोलताना, दोन्हीकडे ती थोडी सनीच असतात.

म्हणून पालकांना विनंती, पुस्तक हिसकावू नका. जेवताना त्यातली गोष्ट मराठीत सांगायला लावा. आमच्याकडे ‘नांगी’, ‘जमात’, ‘भाकीत’ हे शब्द असेच आले. परवा मुलीने आजीला फोनवर अर्धा तास ड्रॅगनांची गोष्ट सांगितली. एरवी “मी बरी आहे” याच्यापुढे गाडी जात नसे.

मुलांनो, आता तुम्ही लिहा, तुमची आवडती जमात कोणती? मराठीत हं!

— एक पालक