केरसुणीची पाळी आणि परदेशी पदवी

परदेशी शिक्षणास निघालेल्या विद्यार्थ्याची तयारी आपल्याकडे मोठ्या काटेकोरपणे होते. कर्जाचे कागद, व्हिसा, विमा, लोकरीचे कपडे, मेतकूट, प्रेशर कुकर यांपैकी काही राहू नये म्हणून सारे घर राबत असते. ज्या लोकांत दोन-तीन वर्षे काढावयाची, त्यांच्या चालीरीतींची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. जर्मनीतील परकीय विद्यार्थ्यांत आज भारतीय सर्वांत अधिक आहेत; २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या ४९ हजारांच्या घरात होती. तेव्हा ही उणीव आता चार घरांपुरती राहिलेली नाही.

स्टुटगार्टचेच उदाहरण घ्यावे. १९६८ पासून हे शहर मुंबईचे भगिनी-शहर आहे. तेथील श्वाबेन प्रदेशात ‘केरवोखे’ नावाची प्रथा आहे. शब्दातील ‘केर’ मराठी कानास ओळखीचा वाटतो तो योगायोगाने. पण अर्थही जवळचाच, म्हणजे झाडण्याचा आठवडा. इमारतीतील बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना आणि दारापुढची वाट झाडावयाची, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर तशी पाटी लावावयाची. १४७७ मध्ये ट्युबिंगेनचे विद्यापीठ स्थापन करणाऱ्या काउंट एबरहार्टच्या काळापर्यंत या प्रथेची मुळे नेली जातात. आता पुष्कळ ठिकाणी हे काम मोल देऊन करवून घेतात. पण जेथे पाटी आहे, तेथे तिला हुद्दा कळत नाही. प्राध्यापक असो, बसचालक असो की पुण्याचा विद्यार्थी असो, पाळी चुकत नाही.

रविवारचेही तसेच. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात आणि घरात भिंतीला भोके पाडण्याचा आवाज शेजाऱ्यांना खपत नाही. नवख्याला हा जाच वाटतो. परंतु रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखावा, हे १९१९ च्या वायमार घटनेतील कलम १९४९ च्या मूलभूत कायद्याने तसेच पुढे चालविले आहे. आपल्याला दूध मिळत नाही, कारण दूध विकणाऱ्या बाईलाही रविवार आहे, एवढे कळले की त्रासाचा अर्थ बदलतो.

हे कळण्यास भाषा लागते. इंग्रजीतून चालणाऱ्या अभ्यासक्रमांमुळे जर्मनचे एक वाक्यही न बोलता पदवी मिळविता येते. खोलीत मराठी, वर्गात इंग्रजी आणि घरमालकाची नियमावली न वाचता खणात, अशी वर्षे जातात. मग नोकरी शोधताना किंवा दवाखान्यात आजार सांगताना भाषेची अडचण जाणवते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकविले जाते. तो खर्च विमानाच्या तिकिटाइतकाच आवश्यक मानला पाहिजे.

तेथील सारेच वंदनीय आहे असे नाही. पाटीच्या आड शेजाऱ्याची खोचक नजरही असते. रिकामी बाटली परत केल्यावर मिळणाऱ्या २५ सेंटांसाठी कचऱ्याच्या डब्यात हात घालणारी म्हातारी माणसे त्या संपन्न देशातही दिसतात. विद्यार्थ्याने तेही पाहावे. भारावून जाऊ नये आणि नाकही मुरडू नये.

आपल्या दृष्टीने मोलाची आहे ती केरसुणीची पाळी. आपल्याकडे सार्वजनिक जागेचा केर काढणे हे जन्मावर वाटून दिलेले काम होते. १९५६ मध्ये निधन पावलेल्या गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन केले. आपण त्यांची तसबीर लावली आणि झाडू दुसऱ्याच्या हाती तसाच राहू दिला. सुशिक्षित घरातला मुलगा चार बिऱ्हाडांचा जिना आयुष्यात प्रथम झाडतो तो परक्या देशात, याची आपल्याला थोडी लाज वाटावी. परत आल्यावर आपल्या सोसायटीच्या सभेत ‘जिन्याची पाळी कोणाची?’ एवढे जरी त्याने विचारले, तरी परदेशी शिक्षणावरील खर्चाचा काही भाग समाजाला परत मिळाला असे म्हणता येईल.