जवारीचा धागा आणि स्क्रूड्रायव्हर

‘गोंगाट म्हणजे संगीत नव्हे’ हे वाक्य मराठीच्या अध्यापकाच्या तोंडी यावे, याचे आम्हांला नवल वाटते. तेही अशा अध्यापकाच्या, जो एम. ए.च्या वर्गात मर्ढेकरांचा लयसिद्धान्त शिकवतो. संवाद, विरोध, समतोल हे शब्द तो फळ्यावर लिहितो, विद्यार्थी ते उतरवून घेतात. मग पुण्यामुंबईच्या एखाद्या छोट्या पबमध्ये चाळीसेक श्रोत्यांपुढे नॉइज रॉक वाजवणाऱ्या पोरांचे ध्वनिमुद्रण कुणी त्याला ऐकवले, की विरोधलय फळ्यावरच राहते आणि ‘हे पाश्चात्त्यांचे फॅड’ असा निकाल लागतो.

हे फॅड पाश्चात्त्यांचे कितपत, ते पाहू. नॉइज रॉकची वंशावळ शोधणारे बहुधा न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंडपाशी पोहोचतात. 1965च्या डिसेंबरात ही मंडळी कॅफे बिझार नावाच्या लहानशा जागेत वाजवत असत. एक विशिष्ट गाणे पुन्हा वाजवाल तर काम जाईल, अशी तंबी मिळाली. त्यांनी तेच गाणे वाजवले आणि काम घालवले. त्यांच्यातला व्हायोलावादक जॉन केल हा ला माँट यंग यांच्या संगतीत एकच स्वर दीर्घकाळ धरून ठेवायला शिकलेला होता. यंग पुढे 1970 साली शिष्य झाले ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे. शिष्यत्व नंतरचे असले तरी हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रिका ते त्याआधीपासूनच ऐकत होते.

किराणा म्हटले की मराठी माणसाला मिरज आठवते. तिथे अब्दुल करीम खाँसाहेब स्थायिक झाले आणि तिथल्याच सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी कशी लावतात? घोडीवर तारेखाली बारीकसा धागा सरकवतात. तार घोडीला निसटती घासते आणि स्वर झणझणू लागतो. निव्वळ स्वच्छ स्वर आपल्या पूर्वजांना पुरेसा वाटला नाही म्हणून त्यांनी त्यात मुद्दाम घर्षण मिसळले! 1981 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेले सोनिक यूथचे वादक गिटारच्या तारांखाली स्क्रूड्रायव्हर खोचत. धागा स्वराला खुलवतो आणि स्क्रूड्रायव्हर त्याला विस्कटतो, हे आम्हांला मान्य आहे. पण मग वाद प्रमाणाचा झाला, जातीचा राहिला नाही. आणि प्रमाणाच्या वादात ‘हे संगीतच नव्हे’ असे म्हणता येत नाही.

बरे, गोंगाटाचे वावडे आहे तरी कुणाला? आमच्या श्रीरामपुरात वराती निघतात, विसर्जनाच्या मिरवणुका निघतात. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती डीजेवाल्यांनी वाचली असेल असे वाटत नाही. गुरुजन त्या वेळी खिडक्या लावून घेतात. सौंदर्यशास्त्र त्यांना आठवत नाही, कारण त्या आवाजाला कुणी ऐकावे अशी अपेक्षाच नसते.

छोट्या खोलीतला गोंगाट निराळा. गिटारचा आवाज ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो, तोच तारांवर आदळून पुन्हा आत शिरतो आणि किंचाळी उमटते. वादकाने पाऊल मागे घेतले, अंग वळवले, की ती किंचाळी बदलते. म्हणजे तो खोलीच वाजवत असतो! हे मैदानावर, दूर उभे राहून, नीट कळत नाही. श्रोता चार हातांवर हवा.

अशी खोली तालुक्याच्या गावात कुठे मिळणार? परमिट रूममध्ये दूरचित्रवाणी लावलेली असते. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा हवा असतो. गिटार घेऊन काही वेडेवाकडे करू पाहणाऱ्या इथल्या पोराला पुण्याची एसटी धरावी लागते, आणि गेलेला पोरगा सहसा परत येत नाही. ‘गोलपिठा’ अभ्यासक्रमाला लावण्यासाठी भांडणाऱ्यांनी निदान याची तरी खंत बाळगावी.

वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला दरवर्षी तोच तो पाहुणा येतो. यंदा त्याला सुट्टी द्या आणि अशा एखाद्या बँडला बोलवा. मोठे सभागृह नको, मराठी विभागाची खोली चालेल. पन्नास खुर्च्या पुरेत, कानांत घालायला कापूस ठेवावा, आणि शेजाऱ्यांसाठी रात्री दहाच्या आत आटोपावे.